दिवेलागणीचं गणित

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शेतीला मोठा आधार तीन धरणांचा. भोर तालुक्यातलं भाटघर आणि नीरेवरचं वीर ही नीरा कालव्याला पाणी देणारी दोन, आणि भीमेवरचं उजनी हे तिसरं. या तिन्ही धरणांना वीजगृहं आहेत, पण त्यांचा विषय सहसा निघत नाही, कारण ती लहान आहेत. भाटघर १६ मेगावॉट, वीर ९, उजनी १२. तिन्ही एकाच वेळी पूर्ण ताकदीनं फिरली तर ३७ मेगावॉट.

आता दुसरी बेरीज. २०११ च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या ४,२९,६०० होती आणि इंदापूरची ३,८३,१८३. मिळून ८,१२,७८३. घरटी साडेचार माणसं धरली तर सुमारे १ लाख ८० हजार घरं होतात. दिवेलागणीला प्रत्येक घरात चार दिवे लागतात असं समजू: पडवीत एक, स्वयंपाकघरात एक, मधल्या खोलीत एक आणि गोठ्यात किंवा अंगणात एक. झाले ७ लाख २० हजार दिवे. प्रत्येक जागचा ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला, तर एका दिव्यामागे ५१ वॉट वाचतात. ७ लाख २० हजार गुणिले ५१. उत्तर ३६.७ मेगावॉट.

म्हणजे तीन धरणांच्या वीजगृहांची मिळून जेवढी ताकद, जवळजवळ तेवढीच वीज दोन तालुक्यांतली घरं नुसते बल्ब बदलून मोकळी करतात. त्यासाठी नवी भिंत बांधावी लागत नाही, कुणाची जमीन पाण्याखाली जात नाही. उजनीच्या फुगवट्यात गाव गमावलेल्या इंदापूरकराला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

गृहीतकं सगळी वर मांडली आहेत. कुणाला चारऐवजी तीन दिवे धरावेसे वाटले तर आकडा पाऊण होईल, आणि २०११ नंतर वाढलेली वस्ती धरली तर पुन्हा वर चढेल. आकड्याची पातळी मात्र बदलत नाही: बोलतो आहोत ते वीजगृहांच्या मापात.

बल्ब किती पाणी पितो?

या भागात कुठलीही मोठी गोष्ट टीएमसीत मोजली की लगेच कळते. तेव्हा वीजही पाण्यात मोजून पाहू. पाणी ३० मीटर उंचीवरून खाली येतं आहे आणि टर्बाइन त्यातली ८५ टक्के ऊर्जा पकडतं आहे असं धरलं, तर एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्यातून युनिटचा जेमतेम १४ वा भाग निघतो. ६० वॉटचा बल्ब संध्याकाळी पाच तास जळला की ०.३ युनिट लागतं. तेवढ्यासाठी सुमारे ४,३०० लिटर पाणी तीस मीटर खाली सोडावं लागेल. एका बल्बसाठी, एका संध्याकाळी. त्याच उजेडाच्या एलईडीला ६५० लिटर पुरतं.

आता दोन्ही तालुक्यांचे ७ लाख २० हजार दिवे घ्या. पिवळ्या बल्बांच्या हिशेबानं एका संध्याकाळला सुमारे ३१ लाख घनमीटर पाणी. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. ते नऊ संध्याकाळींत संपतं. एलईडीच्या हिशेबानं तेच एक टीएमसी दोन महिने चालतं. अर्थात टर्बाइनमधून गेलेलं पाणी नाहीसं होत नाही, ते पुढं नदीला किंवा कालव्याला मिळतं. आणि उजनीचं छोटं वीजगृह एका संध्याकाळी एवढं पाणी पोटात घेऊही शकणार नाही. पण बटण दाबताना आपण किती वजन हलवतो, याची कल्पना यावी एवढ्यासाठी हा हिशेब.

प्रत्यक्षात आपल्या घरातली बरीचशी वीज पाण्यातून येत नाही, कोळशातून येते. तिथला हिशेब असा. पाच तास रोज धरले तर एक बल्ब बदलल्यानं वर्षाला ९३ युनिट वाचतात. ७ लाख २० हजार बल्बांचे ६ कोटी ७० लाख युनिट. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर सुमारे ४७ हजार टन. मालगाडीच्या एका रेकमध्ये चार हजार टनांच्या आसपास कोळसा मावतो, म्हणजे वर्षाला बारा रेक कमी. रेक डोळ्यांपुढं येत नसेल तर ऊस घ्या: दोन ट्रॉल्यांच्या एका ट्रॅक्टरवर २० टन माल धरला, तर ४७ हजार टनांना २,३५० ट्रॅक्टर लागतील. प्रत्येकाला रस्त्यावर २० मीटर जागा दिली तर रांग ४७ किलोमीटरची होते. बारामतीहून इंदापूरपर्यंतचा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता जवळजवळ भरून जाईल.

तीन वॉटचाच उजेड

इतका फरक पडतो कुठून? ६० वॉटच्या बल्बमधून दिसणारा उजेड म्हणून जेमतेम ३ वॉट बाहेर पडतात. बाकीचे ५७ वॉट उष्णता. काचेच्या आत टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची आणि ती लालपिवळी होताना जो थोडा उजेड सांडेल तो वापरायचा, अशी त्याची रचना. खरं तर तो उजेड देणारी शेगडीच. एलईडीत तार तापत नाही. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर उतरतात आणि उतरताना सोडलेली ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर येते. ९ वॉट आत गेले की इथंही साधारण ३ वॉटच उजेड मिळतो, पण वाया जातात फक्त ६.

हे ५७ वॉट दोन तालुक्यांच्या हिशेबात घाला. ७ लाख २० हजार बल्ब मिळून ४१ मेगावॉट उष्णता घरात ओतत होते, एप्रिल-मेच्या चाळीस अंशांतसुद्धा. आणि तीच उष्णता हलवायला वर पंखा चालू.

त्या ३ वॉट उजेडातही आकड्यांचा एक डोंगर लपलेला आहे. प्रकाश कणांच्या रूपात बाहेर पडतो, त्यांना फोटॉन म्हणतात. एका फोटॉनची ऊर्जा इतकी चिमुकली की ९ वॉटच्या एका बल्बमधून दर सेकंदाला सुमारे ८ वर १८ शून्यं एवढे फोटॉन निघतात. पृथ्वीवरची माणसं ८०० कोटी धरा. एका बल्बचा एका सेकंदाचा उजेड सगळ्यांत सारखा वाटला, तर माणशी १०० कोटी फोटॉन येतील. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेवढेच.

जुन्या मापानंही पाहता येईल. ९ वॉटचा चांगला एलईडी ९०० ल्युमेनच्या आसपास उजेड देतो. रॉकेलच्या उघड्या चिमणीचा उजेड दहाएक ल्युमेन. म्हणजे एका बल्बच्या जागी नव्वद चिमण्या मांडाव्या लागतील. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत होता. तशा कंदिलाचा उजेड चिमणीपेक्षा चांगला, तरी एका बल्बची बरोबरी करायला वीसेक कंदील लागले असते. नव्वद चिमण्यांच्या काजळीत अभ्यास कसा झाला असता, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

हा बल्ब इतक्या उशिरा का आला, याचं उत्तर एका रंगात आहे. लाल उजेड देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ सालीच बनवला होता. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा लागतो, आणि पुरेसा तेजस्वी निळा एलईडी मिळायला पुढची तीस वर्षं गेली. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी तो गॅलियम नायट्राइडमधून काढला. त्याबद्दल २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. निळ्या प्रकाशावर फॉस्फरचा पिवळा लेप दिला की आपल्या छताखालचा पांढरा उजेड तयार.

सगळे एकदम

इथं एखादा शेतकरी हसेल, आणि त्याचं बरोबरच आहे. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार ३.७ किलोवॉटची, तेवढ्यात ९ वॉटचे चारशेहून जास्त बल्ब लागतात. ती मोटार आठ तास चालली की ३० युनिट. त्या ३० युनिटांत एक एलईडी रोज पाच तास याप्रमाणं ६६० संध्याकाळी जळेल, पावणेदोन वर्षांहून जास्त. उसाच्या या पट्ट्यात विजेचा खरा खाऊ दिवा कधीच नव्हता.

पण मोटार आणि दिवा यांच्यात एक फरक आहे. मोटारीला वेळ लावून देता येते. रात्रपाळीची लाईट, दिवसपाळीची लाईट, आठवड्याची आलटापालट, हे सगळं त्यातूनच आलं. दिव्याला मात्र पाळी नाही. अंधार सगळ्यांच्या दारात एकाच वेळी येतो, आणि १ लाख ८० हजार घरांतली बटणं पंधरा-वीस मिनिटांत दाबली जातात. वीज साठवून ठेवायची सोय नगण्य असल्यानं त्या वीस मिनिटांसाठी तेवढी ताकद तयार ठेवावीच लागते, मग दिवसाच्या उरलेल्या वेळात ती रिकामी बसली तरी चालेल. वीज मंडळाचे भाग होऊन २००५ साली महावितरण स्थापन झालं, तेव्हा राज्य भारनियमनानं बेजार होतं. त्या काळातल्या अक्षय प्रकाश योजनेचं सूत्र हेच होतं: संध्याकाळी गावानं आपणहून मोटारी बंद ठेवायच्या, बदल्यात घरातले दिवे जाणार नाहीत. दिव्यांना जागा करून देण्यासाठी मोटारींना थांबवायचं.

एलईडीनं तीच जागा दुसऱ्या टोकानं केली. पिवळ्या बल्बांच्या काळात दोन तालुक्यांचे दिवे मिळून ४३ मेगावॉट, म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या साडेअकरा हजार मोटारींएवढे. एलईडीनंतर तेच दिवे साडेसहा मेगावॉट, सतराशे-साडेसतराशे मोटारी. गावातल्या १०० केव्हीएच्या एका डीपीवर फक्त दिवेच आहेत असं धरलं, तर पूर्वी चारशे घरांत ती भरायची. आता पावणेतीन हजार घरं मावतील. शिवाय तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत चालते. प्रवाह सहाव्या हिश्शावर आला की गळती छत्तिसाव्या हिश्शावर येते. घरातल्या मीटरवर दिसते त्याखेरीज आणखी थोडी वीज वाटेतही वाचते.

‘सगळे एकदम’ म्हणजे काय, हे देशानं एकदा उलट्या बाजूनं पाहिलं. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता, टाळेबंदीत, पंतप्रधानांच्या आवाहनावरून घरांतले दिवे नऊ मिनिटं बंद झाले. ग्रीड सांभाळणाऱ्यांचा अंदाज होता की मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटनं खाली येईल. आली सुमारे ३१ हजार मेगावॉटनं. अंदाजाच्या दुपटीहून जास्त, बहुधा दिव्यांबरोबर इतरही बटणं बंद झाली म्हणून. कोयनेची सगळी वीजगृहं मिळून १,९६० मेगावॉटची. म्हणजे देशभरातून सोळाएक कोयना काही मिनिटांत उतरल्या आणि लगेच पुन्हा चढल्या. ग्रीड कोसळलं नाही, कारण जलविद्युत केंद्रं झपाट्यानं खाली आणून परत वर नेण्याची तयारी आधी करून ठेवलेली होती. पाण्यावरची वीज मिनिटांत ओढता-सोडता येते, ते त्या रात्री उपयोगी पडलं.

३१० चे ३८

एलईडी बल्ब २०१४ च्या सुमारास दुकानात तीन-साडेतीनशे रुपयांना होता. दहा-पंधरा रुपयांच्या पिवळ्या बल्बपुढं तो कोण घेणार? पिवळा बल्ब हजार तास चालतो आणि एलईडी २५ हजार तास, म्हणजे रोज पाच तासांनी तेरा-चौदा वर्षं, हे कितीही पटलं तरी महिनाअखेरीला खिशातून तीनशे रुपये निघत नाहीत.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ईईएसएल या संस्थेनं त्यावर काढलेला उपाय बाजारातल्या कुठल्याही अडत्याला समजेल असा होता: घाऊक खरेदी. देशाची मागणी एकत्र करायची, कोट्यवधींच्या निविदा काढायच्या आणि उत्पादकांना भावात झुंजवायचं. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली. २०१४ साली या खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते. २०१६ साली ३८. अनुदानाचा एक रुपया न घालता भाव आठव्या हिश्शावर आला आणि ग्राहकाला बल्ब ७०-८० रुपयांत मिळू लागला.

जानेवारी २०२५ पर्यंत या योजनेतून ३६ कोटी ८७ लाख बल्ब गेले. दहा वर्षांचे दिवस मोजले तर रोज एक लाखाहून अधिक, मिनिटाला ७०. दहा वर्षं, रात्रंदिवस, दर सेकंदाला एकाहून जास्त बल्ब हातात पडत राहिला. एका बल्बची लांबी ११ सेंटिमीटर धरून ते सगळे एकापुढे एक ठेवले तर ओळ ४० हजार ५०० किलोमीटरची होते. विषुववृत्ताचा घेर ४० हजार ७५ किलोमीटर आहे. पृथ्वीला एक वेढा देऊन बल्ब उरतील.

सरकारी हिशेबानं या बल्बांमुळं वर्षाला सुमारे ४,७८८ कोटी युनिट वाचतात आणि ऐन मागणीच्या वेळेचा भार साडेनऊ हजार मेगावॉटहून अधिक कमी होतो. म्हणजे जवळजवळ पाच कोयना. या हिशेबात बल्बमागं वर्षाला १३० युनिट पडतात. मी बारामती-इंदापूरसाठी ९३ च धरले, तेव्हा वरचे आकडे हात आखडूनच काढलेले आहेत.

आता घरात काय उरलं?

मोठी वजाबाकी बहुतेक घरांत होऊन गेली आहे. तरी कोपऱ्यांत काही जुनी मंडळी टिकून आहेत. त्यातला सगळ्यात लबाड म्हणजे झिरोचा बल्ब. देवघरात, जिन्यात, बाळाच्या खोलीत रात्रभर जळणारा. तो झिरो नाही, १५ वॉटचा असतो. आठ तासांत ०.१२ युनिट, म्हणजे खोली उजळणाऱ्या ९ वॉटच्या एलईडीला पाच तासांत लागतं त्याच्या अडीचपटीहून जास्त. वर्षाला ४४ युनिट. अर्ध्या वॉटचा एलईडी तेच काम दीड युनिटात करतो. दुसरी जुनी पट्टी: ४० वॉटची ट्यूब आणि वर तांब्याचा चोक, मिळून ५० वॉटच्या पुढं. २० वॉटची एलईडी ट्यूब तेवढाच उजेड पाडते.

हे पैशात पाहताना एक गोष्ट विसरू नये. महावितरणचं बिल टप्प्यांचं आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांचा ऊर्जा आकार ४ रुपये ७१ पैसे होता, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, आणि दोन्हींवर वहन आकार १ रुपया १७ पैसे. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतं. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घरानं चार पिवळे बल्ब बदलले की साडेतीस युनिट घटतात. वीस वरच्या टप्प्यातले, बाकी खालचे. वाचतात २९० रुपये, त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क वेगळं. शंभराला एक धरला तरी चार बल्बांचे पैसे दीड महिन्याच्या आत फिटले.

उलटा धोकाही इथंच आहे. उजेड स्वस्त झाला की माणूस तो जास्त वापरतो. एका ६० वॉटच्या जागी ९ वॉटचे सहा दिवे बसवले की ५४ वॉट झाले आणि जवळजवळ सगळी बचत छतात विरली. नव्या बंगल्यांत एकेका खोलीला आठ-दहा पॅनेल, कडेनं पट्ट्या, बाहेर कुंपणाला रात्रभर झोत. प्रत्येक दिवा काटकसरी, पण मिळून उधळे.

आणि त्यापेक्षा मोठी बाकी डोक्यावर फिरते आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटारीचा नवा पंखा २८. तो दिव्यापेक्षा कितीतरी जास्त तास चालतो: दिवसाला बारा तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागं १६९ युनिट, जवळजवळ दोन बल्बांएवढी बचत. बारामती-इंदापुरात घरटी दोन पंखे बदलले तर १७ मेगावॉटच्या आसपास सुटतात, एकट्या भाटघरपेक्षा थोडे जास्त. तरी उजाला योजनेतून ३६ कोटी ८७ लाख बल्ब गेले, तिथं पंखे गेले फक्त २३ लाख ५९ हजार. दीडशे बल्बांमागं एक पंखा.

कारण उघड आहे. बल्ब दीड महिन्यात पैसे फेडतो. अडीच-तीन हजारांच्या पंख्याला खालच्या टप्प्यातल्या घरात अडीच-तीन वर्षं लागतात, आणि ज्या घराला बचतीची गरज सर्वांत जास्त ते घर नेमकं त्याच टप्प्यात असतं. त्या घराला वीज वाचवण्याचं महत्त्व पटवून काही होणार नाही. ते २०१४ मध्ये बल्बबाबतही पटलेलंच होतं. बल्ब घरात आला तो ३१० चे ३८ झाले तेव्हा. पंख्याचा भाव तसा पाडणारी निविदा अजून निघायची आहे.